आधी निगा, मग निरांजन

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात अण्णांची पद्मिनी लहानथोर सगळ्यांच्या ओळखीची. 1979 सालची, दुधाळ रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. अण्णांच्या वडिलांनी उसाच्या बिलातून ती घेतली होती. अण्णांची वरात तिच्यातूनच निघाली, मुलं दवाखान्यातून घरी आली ती तिच्यातूनच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. ती बातमी वाचल्यापासून तर अण्णा गाडीला जिवापाड जपू लागले. नवा रंग दिला, बंपरला क्रोम चढवलं, सीटना मरून रेक्झिन शिवून घेतलं. पाहुणे आले की बॉनेट उघडून अभिमानानं सांगायचे, "वरचं तेवढं नवं केलंय. आतलं सगळं जसंच्या तसं आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालं तसं!"

गाडीला पेट्रोलचा वास यायचा. सुरुवातीला सकाळी शेडचं दार उघडलं की तेवढाच. पुढे कोल्हापूरला जाऊन आलं की कपड्यांनाही यायला लागला. अण्णांच्या पत्नीनं, म्हणजे काकींनी, दोन-तीनदा बोलून दाखवलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं, "जुन्या गाडीला एवढा वास असायचाच." हळूहळू काकींनीही बोलणं सोडलं. वास कमी झाला नव्हता, घरच्यांची नाकं सरावली होती.

खंडेनवमी आली. सोप्यात कोयते, खुरपी, विळे, मोटरपंपाचे पाने धुऊनपुसून मांडले गेले. थोरल्या सचिननं पद्मिनी अंगणात काढून धुतली, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं आणि पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये आणून लावली. बॉनेटवर झेंडूचा हार चढला. काकींनी पुढच्या चाकाजवळ रांगोळी काढून पाट मांडला. बाहेर वारा सुटला होता. निरांजन विझू नये म्हणून अण्णांनी शेडचं दार जवळजवळ लोटून घेतलं.

सचिनचं लग्न त्याच वैशाखात झालेलं. सूनबाईंचा या घरातला हा पहिला दसरा, म्हणून गाडीच्या पूजेचा मान तिला दिला होता. हळद-कुंकू, अक्षता, नारळ, कापूर आणि तेवणारं निरांजन असं तबक घेऊन ती दाराशी आली आणि तिथंच थबकली.

"बाबा, आत पेट्रोलचा वास येतोय. खूप येतोय."

"जुनी गाडी आहे बाळ, असायचाच. ये आत."

"नको बाबा. मी दिवा आत आणणार नाही."

पूजेचं ताट दारातून माघारी न्यायचं म्हणजे काय, या विचारानं काकींचा चेहरा उतरला. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, घरात येऊन सहा महिने न झालेल्या सुनेनं सासऱ्याला नाही म्हणावं, हे अण्णांनाही लागलं. पण ती मागे वळली होती. तबक तिनं थेट परसदारी तुळशीकट्ट्यावर नेऊन ठेवलं, निरांजन शांत केलं आणि परत येऊन शेडचं दार सताड उघडलं. सचिन ट्यूबलाइटच्या बटणाकडे वळला, तर त्यालाही तिनं हात लावू दिला नाही.

अण्णांनी नाराजीनंच जयसिंगपूरच्या दस्तगीर मिस्त्रींना फोन लावला. सणाच्या दिवशी त्यांचं गॅरेजही बंद होतं, पण ऐकल्या ऐकल्या ते म्हणाले, "अण्णा, कुणी स्टार्टर मारायचा नाही, दिव्याची बटणं दाबायची नाहीत. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. निघालोच मी."

मिस्त्री आले. गाडी न्यूट्रलला टाकून चौघांनी ढकलत अंगणात काढली. मग ते शेडमध्ये वाकले आणि त्यांनी अण्णांना हाक मारली. काकींच्या रांगोळीचा एक कोपरा ओला होऊन करडा पडला होता. त्या ओल्या डागापासून पाट वीतभर अंतरावर होता.

पेट्रोल फार उतावळं असतं. उणे 40 अंशांच्या थंडीतही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आश्विनातल्या दुपारी काय विचारावं! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, कोपऱ्यात साचते. शंभर भाग हवेत जेमतेम दीड भाग वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. दार लोटलेली शेड, खाली ठिबकणारं पेट्रोल आणि पाटावर ठेवलेलं निरांजन: जमिनीलगत जिथं वाफ सर्वांत दाट, नेमक्या तिथंच ज्योत ठेवली जाणार होती. आणि भोवती अख्खं घर उभं राहणार होतं.

वाफ पांगल्यावर मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडवली, बॉनेट उघडलं आणि पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी दोन बोटांनी वाकवली. बाहेरून धड दिसणाऱ्या त्या नळीवर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या आणि एका भेगेतून चकचकीत थेंब वर आला. नळी काढून त्यांनी ब्लेडनं उभी चिरली. आतलं अस्तर फुगून सुटलं होतं, बोट फिरवलं तर काळं काळं हाताला लागत होतं. जुबली क्लिपच्या खाली रबर चिरत गेलं होतं. गाडी उभी असताना पंप बंद असतो, म्हणून थेंब कमी. इंजिन चालू झालं की पंप दाब देतो आणि पेट्रोल भेगेतून झिरपतं. सकाळी धुतल्यावर गाडी चालू ठेवली होती, तेव्हा हेच झालं. रस्त्यावर तर शेजारी तापलेला एक्झॉस्टही असतो आणि डिस्ट्रिब्युटरची ठिणगीही.

"कधी बदलली होती, अण्णा?"

अण्णा गप्प राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "वडिलांच्या वेळची आहे. ओरिजिनल. म्हणून हात लावू दिला नाही कुणाला."

"टायर वडिलांच्या वेळचे आहेत का?"

"छे! ते कसे राहतील?"

"मग ही तरी कशी राहील? तेही रबर, हेही रबर. अण्णा, पत्रा जपा, काचा जपा, इंजिन जपा, मी स्वतः मदत करतो. पण रबराला वय असतं. आणि आता तर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं. तुमच्याच उसाचं! पण 1979 सालचं रबर काही त्या पेट्रोलासाठी केलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं."

तीन-चार दिवस गाडी मिस्त्रींकडे होती. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं सगळं रबर त्यांनी बदललं आणि इथेनॉलला टिकणारी नळी घातली. पेट्रोलपंपाचा डायफ्रॅम नवा टाकला. तळाखालून जाणारा लोखंडी पाइप पट्ट्यांखाली गंजून कागदासारखा पातळ झाला होता, तोही बदलला. मागे कधीतरी कुणा रस्त्यावरच्या मेकॅनिकनं पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तारेनं आवळून बसवली होती, ती काढून टाकली. ड्रायव्हरच्या हाताशी पावडरचा अग्निशामक बसवला, कारण पेटत्या पेट्रोलवर पाणी टाकलं की ते पाण्यावर तरंगत आग आणखी पसरवतं. जाताना बजावलं, "दर वर्षी नळ्या वाकवून बघायच्या. चांगल्या दिसल्या तरी चार-पाच वर्षांनी बदलायच्या. आणि वास आला की त्याच दिवशी मला फोन." सगळा खर्च बंपरच्या क्रोमपेक्षा कमी आला.

गाडीची राहून गेलेली पूजा कोजागरीच्या सकाळी उघड्या अंगणात झाली. तबक सूनबाईंच्याच हाती होतं. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या दिवशी तू ताट माघारी नेलंस, म्हणून आज हे घर उभं आहे." दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे तपासायला न्यायची, असा नेमही त्यांनी त्याच दिवशी घातला.

खरं तर तो नेम जुनाच आहे. खंडेनवमीला शस्त्राची पूजा होते, पण त्याआधी ते म्यानातून काढून पाहावं लागतं, गंज घासावा लागतो, धार लावावी लागते. पूजेच्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी प्रत्येक हत्यार हातात घेऊन नीट तपासलं जावं, हे त्या चालीरीतीतलं शहाणपण. आपण हार घालणं तेवढं ठेवलं आणि तपासणं विसरलो.

बोध एवढाच: ज्याच्यावर माया आहे त्याच्या तक्रारीची सवय होऊ देऊ नये. "असायचंच" असं म्हणून जी खूण आपण सोडून देतो, तीच पुढे घात करते. आणि आपलं नाक सरावलं असेल, तर ज्याचं सरावलेलं नाही त्याचं ऐकावं, मग तो घरात सगळ्यांत नवा आणि वयानं सगळ्यांत लहान का असेना.