कलावंत आणि त्याची पहिली नोकरी

विश्वविद्यालयाची किंवा कलाशाळेची पदवी हाती पडली म्हणजे तरुणास दोन प्रश्न एकदमच भेटतात. आपण कोण व्हावे, आणि आपण खावे काय. वकिली अथवा वैद्यकी पत्करणाऱ्याच्या बाबतीत या दोहोंचे उत्तर बहुधा एकच असते, म्हणून ते प्रश्न दोन आहेत हे त्यास जन्मभर कळतही नाही. ज्याला चित्रे काढावयाची आहेत, नाटक करावयाचे आहे, अगर कविता लिहावयाची आहे, त्याच्यापुढे मात्र ते निरनिराळे उभे राहतात, आणि बहुतकरून एकमेकांकडे पाठ करून. अशा तरुणाने हाती आलेली नोकरी धरावी की सोडावी, हा केवळ व्यवहाराचा प्रश्न समजून आमच्या मध्यम स्थितीतील घरांतून त्याचा निकाल एका जेवणाच्या अवधीत लावण्यात येतो. आमच्या मते तो प्रश्न मुळात नीतीचा आहे, आणि म्हणूनच त्याचा काहीसा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विचारास आधार म्हणून एक खरे उदाहरण घेऊ. ते गोंदियाचेच आहे, आणि तरीही गोंदियात त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. सुप्रसिद्ध चित्रकार सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यात झाला. वडील जंगल खात्यात नोकरीस होते. १९३९ पासून नागपूरच्या कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतल्यावर हा तरुण गोंदियास चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागला. गोंदिया त्या वेळी मध्यप्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण ते १९९९ साली झाले. तांदळाच्या गिरण्या, विड्यांचा धंदा आणि आगगाडीचे मोठे जंक्शन हीच गावाची ख्याती. मंडल्याकडील अरुंद रुळांची गाडी नैनपूरवरून येथे येऊन हावडा-मुंबईच्या मोठ्या रुळांस मिळत असे. रानातून आलेल्या मुलास येथे उतरून थांबावयाचे, की मोठ्या गाडीत चढावयाचे, हा प्रश्न पडावा अशीच गावाची जागा आहे.

रझा चढले. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिकण्यासाठी प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा गोंदियाची नोकरी सोडून १९४३ च्या ऑक्टोबरात ते मुंबईस पोहोचले. पोहोचून पाहतात तो मुदत टळून गेलेली. प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून शिष्यवृत्तीही नाही. नोकरी मागे नऊशेंहून अधिक किलोमीटरांवर राहिली होती, आणि तीही आता आपली नव्हती. एकवीस वर्षांच्या त्या तरुणाने परतीचे तिकीट काढले नाही. छपाईचे ठसे करणाऱ्या एका मुंबईच्या कारखान्यात त्याने आरेखनाचे काम धरले, दिवसा ते केले, आणि उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगविले. पुढे त्याच कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले, १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्यासह पुरोगामी कलावंतांचा संघ निघाला, १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले, आणि १९५६ साली तेथील टीकाकारांचे पारितोषिक त्यांस मिळाले. २०१० साली त्यांचे 'सौराष्ट्र' हे चित्र लिलावात सोळा कोटींहून अधिक रुपयांस गेले. २०१३ साली सरकारने त्यांस पद्मविभूषण दिले.

आता प्रश्न असा की, गोंदियाचा तो राजीनामा योग्य होता काय? वाचक म्हणतील, हे काय विचारणे झाले. सोळा कोटी, पद्मविभूषण, आणखी काय पाहिजे? पण हे उत्तर देताना आपण १९४३ च्या कृत्याचा न्याय २०१३ च्या पुराव्याने करतो. ज्या दिवशी राजीनामा लिहिला गेला त्या दिवशी हा पुरावा कोणापाशी नव्हता, लिहिणाऱ्यापाशीही नव्हता. शिवाय त्याच काळात शाळेची वा कचेरीची नोकरी सोडून मुंबईस गेलेले, आणि ज्यांचे नाव आज कोणास ठाऊक नाही, असे किती तरी असतील. त्यांचे चित्र कोणी सोळा कोटींस घेतले नाही म्हणून त्यांचा राजीनामा पाप, आणि रझांचे घेतले म्हणून त्यांचा पुण्य, असे म्हणावयाचे असेल तर नीती आणि सोडत यांत भेद तो कोणता उरला?

हा प्रश्न आम्हीच प्रथम काढला आहे असे नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली याच विषयावर एक निबंध लिहिला, त्याच्या नावाचे मराठी 'नैतिक दैव' असे करता येईल. त्याने उदाहरणास गोगँ हा फ्रेंच चित्रकार घेतला. म्हणजे त्याच्या चरित्रावरून काहीशी कल्पून घेतलेली एक व्यक्ती घेतली. खरा गोगँ शेअरबाजारात चांगले मिळवीत होता. तो धंदा सुटल्यावर पत्नी आणि पाच मुले यांच्यापासून दूर होऊन तो चित्रकलेच्या मागे लागला, आणि १८९१ साली ताहितीस गेला. विल्यम्सचे म्हणणे थोडक्यात असे की, अशा मनुष्याच्या निवडीचे समर्थन जर कशाने होणार असेल तर ते यशानेच, आणि यश तर आधी कळत नाही. त्यातही तो एक मार्मिक भेद करतो. वाटेत अपघात होऊन हात मोडला, तर ते निव्वळ दुर्दैव. त्याने निवड चुकली असे ठरत नाही, फक्त तिची कसोटी लागत नाही. परंतु सर्व अनुकूल असूनही चित्रेच वाईट निघाली, तर मात्र त्या मनुष्याच्या पायाखालची जमीन गेली.

हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. मुंबईस जागा गेली हे रझांचे पहिल्या प्रकारचे दुर्दैव होते. किती तरी तरुण नेमके येथेच परततात, आणि 'आपल्यांत गुणच नव्हता' असे उरलेल्या आयुष्यात स्वतःस सांगत बसतात. वस्तुतः त्यांच्या गुणाची परीक्षा झालेलीच नसते, फक्त खिडकी बंद झालेली असते. तथापि यशावाचून दुसरे समर्थन नाही, हे विल्यम्सचे म्हणणे आम्ही मान्य करीत नाही. राजीनाम्याच्या दिवशीच ज्यांचा निवाडा करता येईल अशा काही गोष्टी आहेत. मनुष्याने आपल्या हाताची ओळख आधी करून घेतली आहे काय, ही एक. रझांच्या मागे कलाशाळेतील काही वर्षांचे काम होते, आणि परक्या माणसांनी ते पाहून शिष्यवृत्ती देऊ केली होती. ती लहर नव्हती. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, या सोडण्याची किंमत कोण भरणार? गोगँच्या बाबतीत आमचे मन जे कचरते ते त्याच्या चित्रांमुळे नव्हे. त्याने फेकलेल्या फाशांत दुसऱ्यांचे घर लावलेले होते, आणि ज्यांचे घर त्यांस कोणी विचारले नव्हते. रझांनी बुडालेल्या शिष्यवृत्तीची भरपाई कोणाकडे मागितली नाही. आपल्या दिवसाच्या घटकांनी ती स्वतः केली. उद्या ते अप्रसिद्ध मरते तरी त्या दिवसांचा हिशेब चोखच राहता.

आमच्याकडे दर वर्षी जे विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की, पोटासाठी केलेल्या कामाने कला मरते. ही समजूत पदवीबरोबर कोठून येते, कोण जाणे. बहुधा वाईट चरित्रांतून येत असावी. वर उल्लेखिलेल्या संघातील आरा हे घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करून चित्रकार झाले. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगविले. आमच्याच अमरावतीकडचे गाडे विज्ञानाचे पदवीधर. ही यादीही यशस्वी लोकांचीच आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. मजुरीने कलावंत घडतो असे आमचे म्हणणेच नाही. मजुरी त्याच्या आड येतेच असे नाही, एवढेच या यादीने दिसते. आड येते ते वेगळेच. गोंदियात आज चित्रकलेचा पदवीधर एखाद्या छपाईच्या दुकानात संगणकापुढे बसून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक जुळवितो. ते काम हलके आहे असे आम्हांस वाटत नाही. गिऱ्हाईक 'झकास' म्हणून गेले म्हणजे त्या शब्दावर रात्रीच्या कोऱ्या कागदाची भूक भागू लागते, भीती तिची आहे. ठसे करणाऱ्या कारखान्यात ही सोय नव्हती. तेथील कामास कोणी चित्र म्हणत नसे.

दुसरीही एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे कलेसाठी गाव सोडावेच लागते ही. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागापासून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पसरलेली झाडीपट्टीची रंगभूमी सुशिक्षितांच्या बैठकीत अजूनही थट्टेने बोलली जाते. दिवाळीनंतर धान निघाले, गावोगाव मंडई भरू लागली, म्हणजे तिकीट लावून रात्रभर नाटके चालतात. मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा येथे. कामे करणाऱ्यांत शेतकरी आणि मजूर पुष्कळ. याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नागपूर-पुण्याकडील कित्येकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथम ऐकला असेल. येथे राजीनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वर्षाचेच दोन भाग पडलेले आहेत. पावसाळा शेताचा, हिवाळा रंगमंचाचा. ही व्यवस्था चित्रकारास जशीच्या तशी लागू पडणार नाही, कारण त्याच्या कामास हंगाम नाही आणि मंडईतला प्रेक्षक चित्र विकत घेत नाही. परंतु जी कला आपल्या गावात तिकीट काढून पाहिली जाते तिच्याकडे नाक मुरडून, जेथे आपणांस कोणी ओळखत नाही अशा शहरी जाऊन उपाशी राहणे हे अधिक उच्च आहे, असे मानण्यास आम्हांस काही कारण दिसत नाही. दोन्ही वाटा मोकळ्या डोळ्यांनी पाहून मग मुंबईची गाडी पकडणाऱ्याविषयी आमची तक्रार नाही.

राहता राहिला आईबापांचा प्रश्न, आणि आमचे वाचक बहुतेक याच बाजूचे असल्याने तो टाळता येत नाही. शिक्षणासाठी शेत गहाण पडले आहे, धाकट्या बहिणीचे शिक्षण राहिले आहे, अशा घरातील मुलगा 'मी दोन वर्षे फक्त चित्रे काढीन' म्हणतो, तेव्हा बापाने काय म्हणावे? त्याने मुदत मागावी. तो त्याचा हक्क आहे, कारण किंमत तो भरतो आहे. हमी मात्र मागू नये, कारण ती प्रामाणिक मुलगा देऊ शकत नाही, आणि जो देतो तो चित्रकार होवो न होवो, खोटे बोलावयास शिकलेला आहे. मुलाच्या जागी मुलगी असेल, तर आमच्या घरांतून मुदत दिली जाते ती कलेसाठी नव्हे, स्थळ येईपर्यंत. याला आम्ही मुदत म्हणत नाही.

आता शेवटची एक गोष्ट. रझांच्या गोष्टीत सर्वांचे लक्ष सोडलेल्या नोकरीच्या सोडण्याकडे जाते. ती नोकरी होती, याकडे जात नाही. १९४३ सालच्या गोंदियासारख्या लहान गावातही चित्रकला शिकविण्यासाठी पगारी माणूस ठेवावा असे कोणास तरी वाटले होते, आणि कलाशाळेतून निघालेल्या तरुणास पाय टेकावयास तेवढी जागा मिळाली. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याची अनुसूची पाहावी. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेथेही मुले शंभरांहून अधिक असल्यासच, तीत कलाशिक्षणाची तरतूद आहे. आणि ती अंशकालीन निदेशकाची आहे. खेड्यातील कमी पटाच्या शाळेस तेवढेही बंधन नाही. वाचकांपैकी जे शाळांच्या व्यवस्थापक मंडळांवर आहेत, त्यांनी आपल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला वर्गावर कोण जातो, आणि त्यास महिन्याचे काय मिळते, हे येत्या सभेपूर्वी एकदा विचारून घ्यावे.