नेम आणि निवाडा

गेल्या भाद्रपदात आंबेगाव तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास घरी आला. बी. ए. झाल्यावर नोकरीच्या पाठीस न लागता त्याने वडिलोपार्जित शेती पत्करली. त्याबद्दल त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग थोडे अडखळत त्याने प्रश्न विचारला : "सर, वजनाला हलकी आणि नेमाला पक्की अशी बंदूक घ्यायची तर कोणती घ्यावी?"

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास हा प्रश्न का, असे वाचकांस वाटेल. कॉलेजात पुष्कळ वर्षे एन. सी. सी.चे काम माझ्याकडे होते. पॉइंट बावीसच्या रायफली मुलांच्या हाती देऊन त्यांना पुठ्ठ्यावरची वर्तुळे फोडावयास मी शिकवीत असे. हा मुलगा त्यांतलाच, आणि त्याचा नेम चांगला होता. त्याची अडचण खरी होती. डोंगरउताराच्या वावरात त्याने बटाटा लावला होता. एका रात्री डुकरांचा कळप उतरला आणि सकाळी पाहतो तो जमीन नांगरल्यासारखी उलथलेली. घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, परवानाही आता त्याच्या नावावर आहे. "पण सर, ती दहादा चाप ओढावा तेव्हा दोनदा पेटते, आणि पेटली तरी कुठे लागेल ते देवालाच ठाऊक."

प्रश्न दुकानदाराला विचारण्यासारखा दिसत होता. मी त्याला आठ दिवसांनी सांगतो म्हणालो, आणि त्या आठ दिवसांत तो प्रश्न माझ्या हातून पार निसटून भलतीकडेच गेला.

अमेरिकेत अशा कामासाठी बंदुकांची एक स्वतंत्र जातच आहे. तिला ते 'वर्मिंट रायफल' म्हणतात. लहान गोळी, मोठा वेग, आणि लांबवर सरळ रेषेत जाणारा मारा, हे तिचे गुण. कुरणात बिळे करणारे छोटे प्राणी शे-दोनशे यार्डांवरून टिपणे हे तिचे काम. 'वर्मिंट' हा 'व्हर्मिन' या शब्दाचा गावठी उच्चार, आणि त्याचे मूळ किडा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे ज्या प्राण्यास मारताना किड्याहून अधिक विचार करावयाचे कारण नाही, त्याच्यासाठी केलेली ही बंदूक होय. आपल्याकडे या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. सरकारी मराठी 'उपद्रवी प्राणी' म्हणते. मला या दोन शब्दांत मोठे अंतर दिसते. इंग्रजी शब्द प्राण्याची जात सांगतो, मराठी शब्द त्याचे कृत्य सांगतो. ज्याने उपद्रव केला तो उपद्रवी. ज्याने केला नाही, तो त्याच जातीचा असला तरी, भाषेच्या न्यायाने निर्दोष आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळे, उंदीर, फलाहारी वटवाघळे अशांची एक पाचवी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती गेली. तथापि एखादी संपूर्ण जात एखाद्या प्रदेशापुरती व मुदतीपुरती उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारने राखलेला आहे. २०१५ साली बिहारात नीलगाय व रानडुक्कर, आणि २०१६ साली सिमल्यात माकडे, अशीच ठरविली गेली.

असो. बंदुकीकडे येऊ. आपल्या शस्त्रांच्या कायद्यात एक मौज आहे. १९५९ च्या या कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी प्रथम सुचविली आहे ती ठासणीची बंदूक; ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी, पण तीही गुळगुळीत नळीचीच. नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरून गोळीला भोवऱ्यासारखी गरगर फिरत सोडणारी जी रायफल, तिची पॉइंट बावीसची छोटी आवृत्ती त्याच कलमात आहे, पण ती रायफल क्लबाच्या सभासदास, निशाणबाजीच्या सरावासाठी. म्हणजे कागदावर नेम धरणाऱ्यास नेमकी बंदूक, आणि जिवंत प्राण्यावर धरणाऱ्यास बेभरवशाची! कायदा करणारांचा हेतू मी समजू शकतो. खेडोपाडी रायफली झाल्या तर त्या केवळ डुकरांवरच रोखल्या जातील असे नाही. पण जे जनावर मरावयाचे त्याच्या बाजूने पाहिले तर ही व्यवस्था क्रूर आहे.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. १९८० च्या सुमारास, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुट्टीत जुन्नर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामांकडे अशीच ठासणीची बंदूक होती. भुईमुगाच्या राखणीस रात्री ते माळ्यावर बसत, आणि बॅटरी धरण्याचा मान माझा. परवानगीचा कागद वगैरे त्या काळी कोणी विचारीत नसे. एका रात्री बांधाकडून खसखस झाली. मी बॅटरीचा झोत टाकला. दोन डोळे चमकले. मामा क्षणभर थांबले होते. मीच म्हणालो, "मारा ना मामा!" बार झाला, डुक्कर कोसळले, उठले आणि शेजारच्या उसात शिरले. सकाळी पानांवर रक्त दिसले. मामा आत गेले नाहीत. जखमी डुकराच्या मागे उसात कोण जाईल? "मरेल कुठे तरी," म्हणाले. तिसऱ्या दिवशी वैरणीसाठी उसात शिरलेल्या एका बाईची मांडी त्याने फाडली. ती वाचली, पण जन्माची लंगडी झाली. मामांनी औषधपाण्याचा खर्च केला, लुगडे घेऊन दिले. गावात कोणी त्यांना दोष दिला नाही. पुढे प्रत्येक सुट्टीत ती बाई वाटेत भेटली की हसून विचारी, "काय भाचेबुवा, सुट्टी लागली का?" बॅटरी कोणी धरली होती हे तिला ठाऊक नव्हते, आणि मी ते तिला कधी सांगितले नाही.

तेव्हा नेमकेपणा ही दयेचीच एक बाजू आहे, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. मारणे टाळता येत नसेल तर एका घावात मारावे. अर्धवट मारणे हे मारण्याहून वाईट. जिम कॉर्बेटने ज्या चंपावतच्या वाघिणीस १९०७ साली मारले, तिने ४३६ माणसे खाल्ली होती. तिच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले होते, आणि ते कोणा शिकाऱ्याच्या गोळीने मोडले होते. स्वाभाविक भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. एका चुकार गोळीची किंमत एवढी! याच कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराने कॉर्बेटला रिग्बी कंपनीची एक हलकी, अत्यंत नेमकी रायफल भेट दिली. माझ्या विद्यार्थ्यास हवी होती तशीच.

येथपर्यंत माझे मन रायफलीकडे झुकले होते. कोणती घ्यावी याचाही थोडा विचार मी करून ठेवला. पॉइंट बावीस उपयोगाची नाही; प्रौढ नराच्या खांद्यावर कातडीखाली चिलखतासारखा जाड थर असतो, तेथे ती गोळी केवळ जखम करील. शिवाय चुकली तर मैलभर जाऊ शकते, आणि उसाच्या पलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्या असतात, त्यांत मुले निजलेली असतात. मोठी घ्यावी तर धक्का मोठा. हलकी घ्यावी तर हात स्थिर राहत नाही. हलकेपणा आणि नेमकेपणा हे दोन गुण एकमेकांचे फारसे मित्र नव्हेत.

पण मग दशरथाची आठवण झाली. आपल्या सर्व वाङ्मयात त्याच्याइतका अचूक नेम क्वचितच कोणाचा असेल. तो केवळ आवाजावरून बाण मारी. शरयूच्या काठी काळोखात पाण्याचा बुडबुड आवाज झाला, हत्ती पाणी पितो आहे असे त्यास वाटले, आणि बाण सुटला. तो चुकला असता तर श्रावण वाचला असता! नेम जितका पक्का, तितकी चूक पुरी झाली. दुसरे उदाहरण आपण मुलांना कौतुकाने सांगतो ते अर्जुनाचे : त्याला झाड दिसत नाही, भाऊ दिसत नाहीत, केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो. परीक्षेच्या मैदानावर हे ठीक आहे. तो पक्षी लाकडाचाच होता. रात्री दोन वाजता वावरात उभ्या असलेल्या माणसास मात्र डोळ्याखेरीज बाकीचे सगळे दिसावयास हवे.

हे मी डुकरापुरते म्हणत नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली, पाटाचे पाणी आले, आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे बिबट्याचे घर. मादी तेथेच वितें आणि पिले वाढविते. २००१ ते २००३ या काळात येथून शंभराच्या घरात बिबटे पिंजऱ्यांत धरले गेले, आणि त्यांतले काही दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू दयेचा होता. कोणास ठार मारावयाचे नव्हते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की त्यापूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होत, ते या मोहिमेनंतर १७ झाले. जो सापडला तो धरला गेला. ज्याने हल्ला केला तोच तो, हे कोणी ठरविले नव्हते. अपराधी कोण हे न पाहता केलेली शिक्षा सौम्य असली तरी शिक्षाच, आणि ती परत माणसांवर आली.

आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे गेली. त्यांत दोन मुले. लोक रस्त्यावर आले. त्यांचा क्रोध पाहून पुण्यातल्या काही सद्गृहस्थांनी वन्यप्राण्यांवरील दयेचे धडे दिले, ते मला अप्रशस्त वाटले. ज्याच्या अंगणातून मूल गेले त्याला धडा देणारे आपण कोण? अखेर वनखात्याने नेमबाज आणून एका बिबट्यास गोळी घातली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत कायदा तशी परवानगी देतो, पण तो माणसाच्या जिवास धोका आहे आणि त्यास पकडणे अथवा बेशुद्ध करणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच. त्या खात्रीपर्यंत पोहोचण्यातच सगळा निवाडा आहे. चाप ओढणे हे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम. इंग्रजी अमलात हा निवाडा करावा लागत नसे. कातडे आणून टाकले की बक्षीस. महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ आणि १,५०,००० हून अधिक बिबटे असे मारले गेले. त्या हिशेबात माणूस मारणारे किती, हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. याच मुलखाच्या पश्चिमेस, भीमाशंकराकडच्या डोंगरांत, महादेव कोळी लोक वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. त्यांच्याही गुरांना वाघ-बिबट्याने खाल्लेच असेल. पण त्यांच्या मनात तो एक शेजारी आहे, ज्याच्याशी भांडण होऊ शकते.

गांधीजींनी १९२८ साली आश्रमातल्या असाध्य वासरास मरण देवविले तेव्हा मोठे वादळ उठले. त्याच लेखात पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचाही विचार आहे, आणि तो लोक विसरतात. वासराचे मरण वासरासाठी होते. माकड मारले तर ते आपल्या स्वार्थासाठी असेल, आणि म्हणून ती हिंसाच, मग ती अटळ का असेना, असा त्यांचा आशय होता. मला हा प्रामाणिकपणा कोणत्याही रायफलीहून नेमका वाटतो. महाभारतातला धर्मव्याध याच वाटेवर एक पाऊल आणखी पुढे जातो. मांस विकणारा तो मिथिलेचा माणूस कौशिक ब्राह्मणास विचारतो की नांगराखाली किती जीव मरतात याचा हिशेब तू कधी केला आहेस काय? माझ्या विद्यार्थ्याचा बटाटा आमच्या मंडईत येतो. तो शिजवून खाताना माझे हात स्वच्छ असतात, याचे कारण मी कांबळे पांघरून बांधावर बसलेला नसतो, एवढेच.

आठ दिवसांनी मी त्याला फोन केला. रायफलीचा नाद सोड, कायदा ती सहज देणार नाही, असे सांगितले. डुकरासाठी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घे. ते दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि उभ्या पिकास उपद्रव झाला तर परवानगी मिळू शकते. जुनी बंदूक टाकून एक चांगली गुळगुळीत नळीची घे, आणि चाळीस पावलांच्या आत जनावर स्पष्ट दिसल्याखेरीज आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे ठाऊक असल्याखेरीज चापाला बोट लावू नकोस. जखमी झाले तर माणसे घेऊन माग काढ, आणि तो निघेपर्यंत उसात कोणास जाऊ देऊ नकोस. मी बरेच बोललो असावे. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता ते सगळे खरे. पण कोणते डुक्कर कालचे आणि कोणते आजचे, हा निवाडा काळोखात करायचा कोणी? मी एकटाच असतो."

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि अद्यापही नाही. नुकताच त्याचा पुन्हा फोन आला. अर्ज दिला आहे, परवानगी यावयाची आहे. या महिन्यात कळप तीनदा येऊन गेला. वावराभोवती त्याने साड्यांचे कुंपण केले आहे, त्याचा थोडा उपयोग होतो. परवानगी आली की मार्गशीर्षात एक रात्र माळ्यावर येऊन बसा, असा त्याचा आग्रह आहे. बंदूक तो चालवील. दुसऱ्या कोणी तरी बॅटरी धरावयास हवी, म्हणाला. मी येतो म्हणून सांगितले आहे.