दाराबाहेरचे गाणे



कर्जतला आषाढ वद्य एकादशीस गोदड महाराजांचा रथ निघतो. आषाढी करून परतलेले कितीतरी टाळकरी या रथापुढे पुन्हा उभे राहतात, आणि भजनाचा क्रम लागला की चोखोबांचा अभंग येतोच. चाल गोड असते, आपण डोलतो. पण हा अभंग म्हणणारा कोठे उभा होता? देवळात नव्हे, दाराबाहेर. हे नीट ध्यानी यावे म्हणून आज लांबच्या मुलखातली एक कथा घेतो. ती आपल्याला परकी वाटणार नाही.

अमेरिकेत हॉवर्ड थर्मन नावाचे कृष्णवर्णी धर्मोपदेशक आणि अध्यापक होऊन गेले. जन्म १८९९. वडील लवकर वारले, सांभाळ केला आजीने. ही आजी, नॅन्सी अँब्रोज, गुलामगिरीत जन्मलेली. तिला अक्षर येत नव्हते, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. मात्र संत पौलाची पत्रे ती बहुतेक वाचूच देत नसे. का, तर मालकाचा उपदेशक गुलामांपुढे त्यातलाच भाग पुन्हा पुन्हा काढी, की दासाने धन्याच्या आज्ञेत राहावे. तिने तेव्हाच मनाशी ठरविले होते, सुटका झाली तर हे पान परत ऐकायचे नाही. पाहा बरे! निरक्षर बाई, पण पोथीतले कोणते पान देवाचे आणि कोणते धन्याच्या सोयीचे, हे तिला पक्के कळत होते. मोठमोठ्या शास्त्र्यांना हे कळत नाही.

या गुलामांची गाणी कशी असत? एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची, अगदी आपल्या दिंडीसारखी. साउथ कॅरोलिनात १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्याची बंदी झाली. बंड करतील ही धास्ती! मग मृदंगाचे काम टाळीने आणि पावलांनी केले. थर्मन यांनी या गाण्यांवर १९४५ साली पुस्तक लिहिले, १९४७ साली हार्वर्डला व्याख्यान दिले. पुष्कळ लोक म्हणत, ही गाणी म्हणजे दुःख विसरण्याची गुंगी आहे. थर्मन यांना ते मान्य नव्हते. ज्याच्या देहाची बाजारात किंमत लागते, तो गाण्यातून म्हणतो की माझी किंमत देवाने ठरविली आहे, धन्याने नव्हे. ही गुंगी कशी म्हणावी?

१९३५ साली थर्मन, त्यांची पत्नी सू बेली आणि आणखी एक जोडपे असे चौघे सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व हिंदुस्थान येथे व्याख्यानांसाठी आले. कोलंबोत एका वकिलाने त्यांना आडवा सवाल केला. तुमच्या पूर्वजांना धरून नेणारे ख्रिस्ती, त्यांच्या एका जहाजाचे नावसुद्धा ‘जीझस’, आणि तुम्ही त्याच धर्माचे होऊन आमच्याकडे येता? थर्मन यांनी तो टाळला नाही. येशूचा धर्म निराळा आणि त्याच्या नावाने चाललेला व्यवहार निराळा, असे त्यांचे उत्तर. १९४९ साली त्याचे पुस्तक झाले.

मंडळी, हाच सवाल चोखोबांना कोणी केला असता तर? बडवे दारात अडवितात आणि तू त्याच विठ्ठलाला माउली म्हणतोस? चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली १३३८ मध्ये गेले. समाधी महाद्वारासमोर, पायरीशी. सर्वांसाठी दार उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधली सहाशे वर्षे आत-बाहेर अभंग तोच चालला होता! आतल्यांनाही तो तोंडपाठ होता, हे अधिक विचार करण्यासारखे.

असो. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीस थर्मन मंडळी गांधीजींना भेटली. गांधीजींनी त्यांच्या लोकांविषयी प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि शेवटी गाणे मागितले. येशूच्या मरणसमयी कोण हजर होते, असे ऐकणाऱ्यालाच विचारणारे गाणे सू बेलींनी गायिले.

पुढे जेम्स लॉसन नावाचा त्यांच्यापैकीच एक तरुण आपल्या नागपुरास हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षे, १९५३ ते १९५६, शिकवावयास होता. कोरियाच्या युद्धात जाण्यास नकार दिला म्हणून आधी तुरुंग भोगून आलेला. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णी लोकांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याने नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. परत जाऊन नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्याने मार खाऊन हात न उगारण्याची तालीम दिली. ते १९६० साली खाणावळीत जाऊन बसले, तुरुंगात गेले. प्रार्थनामंदिरातल्या जुन्या गाण्यांत शब्द बदलून ती लढ्यात गायिली गेली. लॉसन २०२४ साली, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले.

आणि त्याच नागपुरात, त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बुद्धाची दीक्षा घेतली. कोलंबोच्या सवालाचे हे दुसरे उत्तर. दाराशी थांबून गायचे नाही, निघायचे. हे ऐकून वारकऱ्याने कान झाकू नयेत. अस्पृश्यांच्या इतिहासावरचा १९४८ चा ग्रंथ बाबासाहेबांनी तीन संतांच्या स्मृतीस वाहिला आहे, नंदनार, रविदास आणि आपले चोखामेळा.