भुयाराच्या तोंडाशी

१६ मार्च १९६८. व्हिएतनाममधल्या माय लाई वस्तीत अमेरिकी पायदळाची चार्ली कंपनी सकाळीच उतरली. आधीच्या काही आठवड्यांत सुरुंगांनी या कंपनीतले काहीजण मारले गेले, काही जायबंदी झाले, आणि शत्रू मात्र डोळ्यांना दिसला नव्हता. त्या पोरांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवं.

पण त्या सकाळी वस्तीतून प्रतिकार झालाच नाही. वरून टेहळणी करणाऱ्या ह्यू थॉम्प्सन या चोवीस वर्षांच्या वैमानिकाला पाटात प्रेतांचा खच दिसला. मग एका भुयाराच्या तोंडाशी घाबरे चेहरे दिसले आणि त्यांच्याकडे निघालेले सैनिकही. त्याने हेलिकॉप्टर मध्येच उतरवलं. “यांना बाहेर काढायला मदत करा,” तो त्या सैनिकांच्या लेफ्टनंटला म्हणाला. उत्तर आलं, हातबॉम्ब टाकूनच निघतील.

थॉम्प्सनने आपल्या दोन्ही साथीदारांना बजावलं, की आपल्याच सैनिकांनी या लोकांवर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. आणि तो भुयाराकडे चालू लागला.

आत कोण आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एखादी बंदूक रोखलेली असती, तर पहिली गोळी त्यालाच लागली असती. तरी तो बघायला गेला. हाताने खुणावलं, तशी म्हातारी माणसं, बायका, पोरं एकेक करून बाहेर आली. त्यांना न्यायला त्याने दुसरं हेलिकॉप्टर बोलावून घेतलं.

लष्कराच्या अहवालात नोंद झाली: शत्रू ठार १२८, हत्यारं जप्त ३. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. व्हिएतनामच्या नोंदीत मृतांचा आकडा ५०४ आहे. पुढे या हत्याकांडाच्या खटल्यात एका सैनिकाने साक्ष दिली, की आयांच्या कडेवरची बाळंसुद्धा धोक्याची वाटत होती, त्यांच्याआड हातबॉम्ब असतील म्हणून. जीव वाचवण्याचा हक्क कायदा कुणाचाच काढून घेत नाही. समोरचा कोण आहे हे पाहिलंस का, एवढं तो विचारतो. शंका असेल तर माणूस नागरिकच समजावा, हे जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलं गेलं.

थॉम्प्सनपाशी तेव्हा ते कलम नव्हतं. परतताना पाटात काहीतरी हललेलं दिसलं, म्हणून तो पुन्हा उतरला. एक साथीदार प्रेतांमधून वाट काढत गेला आणि एक लहान मूल उचलून आणलं. रक्ताने माखलेलं, पण अंगावर जखम नव्हती. ते रडतही नव्हतं. थॉम्प्सनचा मुलगाही घरी तेवढाच होता. त्याने हेलिकॉप्टर क्वांग न्गाईच्या दवाखान्याकडे वळवलं.