ऐच्छिक म्हणजे फुकट नव्हे

फासे खाली ठेवा. चिवड्याची ताटली सरकवा तिकडे आणि माझ्याकडे बघा. आज खेळ नाही, आज हिशेब.

गेल्या रविवारी बारा गॉब्लिनांनी तुम्हा चौघांपैकी दोघांना आडवं केलं. पाचव्या लेव्हलला पोचलेले तुम्ही, आणि समोर सात-सात हिट पॉइंटांची पिल्लावळ! वर खेळ संपल्यावर मलाच ऐकवता, "सर, फासे वाईट पडले." तीस वर्षं गणित शिकवलंय मी. नापास झालेल्या प्रत्येकाला पेपर अवघडच गेलेला असतो.

तलवारवाल्या, उभा राहा. चौथ्या लेव्हलला तुला निवड करायची होती. ताकद १६ ची १८ करायची, की ती वाढ सोडून एक फीट, म्हणजे पात्राचं खास कसब, घ्यायचं. तू ग्रेट वेपन मास्टर घेतलंस. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, "सगळे तेच घेतात, सर." तुझ्या वहीत कुठून तरी उतरवून घेतलेली यादी आहे, प्रत्येक फीटपुढे पाचपैकी गुण. गाइडमधली उत्तरं घोकणारी पोरं मी जन्मभर पाहिली. प्रश्न जरा फिरवला की त्यांची दातखीळ बसते. तुझीही बसली.

ये, फळ्यापाशी ये. फीट म्हणतं, वार करण्याआधी फाशातून ५ वजा करायची तयारी असेल, तर वार लागल्यावर डॅमेज १० ने जास्त. गॉब्लिनचा आर्मर क्लास १५. तुझ्या फाशात मिळवायचे ६, तीन ताकदीचे आणि तीन प्रावीण्याचे. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा त्याहून जास्त पडायला हवं. शंभरात साठ वार लागतील. ५ वजा केलेस की १४ हवेत, शंभरात पस्तीस. आता ते जास्तीचे दहा कुणाच्या कामाचे? तुझ्या दोन हातांच्या तलवारीचं साधं डॅमेजच सरासरी दहा, आणि गॉब्लिनकडे हिट पॉइंट सात. साध्या वारानं तो शंभरात सुमारे पंचावन्न वेळा मरतो. मेलेल्याला आणखी मारायच्या नादात तू पंचावन्नाचे पस्तीस केलेस. ताकद १८ असती तर त्रेसष्ट झाले असते. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते हेच, आणि तुझ्या हाती उंदीरही लागला नाही.

थांब, बसू नकोस. खरा राग पुढे आहे. त्याच फीटमध्ये आणखी एक कलम आहे. तुझ्या वारानं शत्रू शून्यावर आला किंवा क्रिटिकल लागला, की त्याच खेळीत बोनस ॲक्शन वापरून आणखी एक वार. मरतुकड्या शत्रूंच्या घोळक्यात याहून मोलाचं कलम नाही. साधे वार करत गेला असतास, तर बहुतेक फेऱ्यांत तिसरा वार पदरात पडला असता. अख्ख्या संध्याकाळीत तू तो एकदाही मागितला नाहीस. कारण यादीत "पाच वजा, दहा जास्त" एवढंच उतरवलंय. स्वतःच्या फीटचा परिच्छेदही तू पुरता वाचला नाहीस.

मग ते फीट टाकाऊ आहे का? मुळीच नाही. ओगर घे. आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९. क्रिटिकल बाजूला ठेवून मोजलं तर तुझा साधा वार सरासरी आठ देतो, ५ वजा केलेला अकरा. ताकद १८ असती तरी साडेनऊच्या आत. तिथे बिनदिक्कत वजा कर. आता पोलादी चिलखतातला नाइट घे, आर्मर क्लास १८. साधा वार साडेचार, वजा केलेला चार. तिथे हाव धरलीस की तोटा. फीट एकच, शत्रू तीन, उत्तरं तीन. तुझ्या यादीतले पाचपैकी पाच यातल्या कुणासमोर मिळाले होते?

चोरा, तू हसतोस काय? तू कीन माइंड घेतलंस. त्यानं उत्तर दिशा कायम कळते आणि महिन्याभरात पाहिलेलं-ऐकलेलं तंतोतंत आठवतं. गुहेच्या दारावरची खूण तुझ्या पात्रानं दहा दिवसांपूर्वी एका नकाशावर पाहिली होती. मी दोन मिनिटं तुझ्याकडे बघत बसलो, तू मोबाइलकडे. मग दार फोडलंत आणि बाराच्या बारा गॉब्लिन जागे केलेत. फीट घेण्याआधी एकदा तरी येऊन विचारलंस का, "सर, या मोहिमेत नकाशे आहेत का, खुणा आहेत का?" नुसत्या हाणामारीच्या मोहिमेत हे फीट ठणठणीत कोरडं, शोधाच्या मोहिमेत सोनं. तुला सोनं मिळालं होतं. तू ते खिशात ठेवून विसरलास.

आणि ही रेंजर. हिनं हीलर घेतलं म्हणून महिनाभर तिला "कंपाउंडर" म्हणत होतात. क्लेरिक महाराज, तुम्ही सगळ्यांत पुढे. त्या रात्री तुमचे मंत्र संपले आणि पहिले तुम्हीच पडलात. तिनं पाच सोन्याच्या नाण्यांना मिळणारी, दहा वेळा पुरणारी औषधाची पेटी उघडली आणि तुम्हाला उभं केलं. पाचव्या लेव्हलच्या माणसाला ते फीट एका खेपेत दहा ते पंधरा हिट पॉइंट परत देतं. तुमचा पहिल्या लेव्हलचा क्युअर वूंड्स, विज्डम १८ धरून, पाच ते बारा, वर एक स्लॉट खर्च. एका माणसाला दोन विश्रांतींच्या मध्ये एकदाच, ही त्या फीटची मर्यादा आहे. टोळीत दोन-दोन क्लेरिक असते तर त्याची किंमत घटली असती. तुमच्या टोळीत एकच आहे, आणि तोही पडतो.

पोरी, तुलाही सोडत नाही. तिघं हसले म्हणून "फीट बदलून मिळेल का" असं विचारायला आलीस? बरोबर सोडवलेलं गणित शेजाऱ्याच्या वहीत बघून खोडलेलं मला खपत नाही.

या खेळात फीट आली २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. आपण २०१४ चं प्लेयर्स हँडबुक वापरतो, त्यात ती ऐच्छिक आहेत. विषय ऐच्छिक घेतला म्हणून त्याचा अभ्यास ऐच्छिक होत नाही. वीस लेव्हलांत बहुतेकांना ही निवड पाचदा मिळते, फायटरला सातदा. त्यातली एक, तलवारवाल्या, तू यादीवर उधळलीस. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात ग्रेट वेपन मास्टरमधली ती पाच-दहाची देवघेव काढूनच टाकलीय. आता तिथे प्रावीण्याचा बोनस डॅमेजमध्ये मिळवायचा. तुझी यादी रद्दीत गेली. हिशेब शिकला असतास तर तो नव्या पुस्तकातही चालला असता.

पुढच्या रविवारी प्रत्येकानं वहीचं एक पान आणायचं, स्वतःच्या अक्षरात. फीटचा पुरा मजकूर वाचून त्यातली सगळी कलमं. ते घेताना काय सोडलं. या मोहिमेत, या टोळीत ते कुठे कामी येईल आणि कुठे नाही. पान कोरं असेल त्याच्या पात्राचं फीट मी खोडणार आणि सोडलेली वाढ परत देणार. पुस्तकानं हा नियम ऐच्छिक ठेवलाय, आणि ती इच्छा डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या माझी आहे, तुमची नाही.