वाघ दिसला नाही

मे महिन्याच्या सुट्टीत हुबळी-धारवाडची आम्ही काही मराठी कुटुंबे मुलाबाळांसह दांडेलीच्या जंगलात गेलो होतो. १९५६ साली अभयारण्य ठरलेले हे रान २००७ मध्ये शेजारच्या अंशी राष्ट्रीय उद्यानासह व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१५ पासून ते काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते. पहाटे उघड्या जीपमधून निघालो. गवे दिसले, शेकरू दिसले, पंखांचा मोठा आवाज करीत धनेश डोक्यावरून गेला. वाघ मात्र दिसला नाही. परतताना आमच्यातलेच एकजण म्हणाले, “एवढे पैसे भरले, आणि दाखवले काय?” आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर ते वाक्य आम्हाला टोचू लागले. पैसे भरले म्हणजे वाघ आमच्यापुढे येऊन उभा राहण्यास बांधलेला आहे काय? तो कोणासाठी निर्माण झाला आहे?

ईयोबाच्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय या प्रश्नाला भिडतात. दुःखाने पोळलेला ईयोब देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याला रानबकऱ्या, रानगाढव, गरुड यांच्याविषयी विचारतो. ही जनावरे ईयोबाचा नांगर ओढत नाहीत की त्याच्या खळ्यावर येत नाहीत. ती माणसाच्या उपयोगाची नाहीत. तरीही देव त्यांची विचारपूस करतो. एकशेचारावे स्तोत्र तर वेळेचीही वाटणी सांगते : रात्र वनपशूंची, दिवस माणसाच्या श्रमाचा. आम्ही जीप घेऊन नेमके त्या सीमेवर उभे राहतो, आणि समोरचा आपल्या वेळेत घरी गेला म्हणून रुसतो!

कोणी म्हणेल, पाहणारे गेले नाहीत तर रानाची राखण कोण करील? हे म्हणणे खोटे नाही. १९७२ च्या मोजणीत देशात अठराशेच्या आसपास वाघ उरले होते. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि २०२२ च्या गणनेचा अंदाज साडेतीन हजारांच्या वर गेला. लोकांची आस्था नसती तर हे घडले नसते. तेव्हा जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. जंगलाबाहेरच्या रस्त्यावर एक वृद्ध गवळी म्हशी घेऊन चालला होता. आमच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला. त्याने म्हशी कडेला घेतल्या. “बाबा, वाघ दिसतो का हो?” असे आम्ही विचारले. तो मराठीतच म्हणाला, “तो आम्हास्नी बघतो. आम्ही त्याला कशाला बघू?” आम्ही हसलो आणि पुढे गेलो. या डोंगरातले धनगर-गवळी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या वळणाची बोली बोलत आले आहेत. आमच्याच भाषेचा माणूस भेटला, आणि आम्ही त्याला वाघाचा पत्ता तेवढा विचारला. त्याचे नाव, त्याचे गाव विचारले नाही.

आफ्रिकेतही हेच घडले आहे. टांझानियातील सेरेंगेटी उद्यान जगप्रसिद्ध आहे. पण १९५९ मध्ये तेथील मसाई गुराख्यांना त्या उद्यानातून हलवून गोरोंगोरोच्या पठारावर पाठवण्यात आले, हे तेथे सिंह पाहणाऱ्यांतील किती जणांना ठाऊक असते? आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला आज पंधरा लाख रुपये मिळतात, आणि कोणास बळाने उठवू नये असा कायदाही आहे. तरी चूल हलवण्याचे दुःख रकमेत मोजता येत नाही. वाघासाठी जागा राखणे योग्यच. पण त्या जागेची किंमत आपण तिकिटात चुकवली, असे समजणे योग्य नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही मुलांना निघण्यापूर्वीच सांगणार आहोत : वाघ दिसला तर देवाचे आभार माना, न दिसला तरीही माना, कारण तो आहे. आणि वाटेत म्हशी आडव्या आल्या तर हॉर्न वाजवू नये. गाडी थांबवावी, खाली उतरावे, आणि आधी नाव विचारावे.