पुस्तकाविषयीच्या मताची जबाबदारी

पुस्तकाविषयी मत देणारा माणूस एका अर्थाने साक्ष देत असतो, कारण ऐकणारा त्याच्या शब्दावर विसंबून ते पुस्तक वाचनालयातून आणतो किंवा कायमचे टाळतो. अलीकडे या साक्षीच्या वाटा वाढल्या आहेत. ऑडिओबुक, म्हणजे निवेदकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेले पुस्तक, आणि पॉडकास्ट, म्हणजे भागाभागांनी प्रसिद्ध होणारा, पुस्तकांच्या बाबतीत बहुधा चर्चेच्या स्वरूपाचा श्राव्य कार्यक्रम, ही दोन्ही साधने पालघर-बोईसरच्या नोकरदारांच्या सोयीची आहेत. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली आणि तारापूरच्या कारखान्यांकडे किंवा मुंबईकडे जाणाऱ्या अनेकांना पुस्तकासाठी मिळतो तो वेळ याच प्रवासातला असतो.

ऐकणे हे वाचण्यापेक्षा हलके आहे, असे मुळीच नाही. वारली लग्नात भिंतीवर रेखलेल्या चौकासमोर विधीची गाणी गाणाऱ्या धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रीची, सारी विद्या कानावाटे आलेली असते, आणि तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाही पुस्तकी पंडिताला नाही. प्रश्न माध्यमाचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. दीडपट वेगाने ऐकताना, विरारला चढलेल्या गर्दीच्या कलकलाटात एखादे प्रकरण निसटले असेल, किंवा पुस्तक हाती न घेता त्यावरची अर्ध्या तासाची चर्चाच ऐकलेली असेल, तर मत देताना तसे सांगणे हे कर्तव्य ठरते; न सांगता दिलेले मत उसने असते, आणि उसने मत स्वतःचे म्हणून खपवणे ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे.

या परिसरात ही जबाबदारी अधिक जड होते, याचे कारण गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथात १९४५ पासून डहाणू, तलासरी आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव भागात वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने व विनामोबदला राबण्याविरुद्ध, उभारलेल्या लढ्याची हकिगत आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत, बहुधा वर्षानुवर्षे, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, अशा बंधनात अडकलेल्या माणसाला लग्नगडी म्हणत. ज्या गावांची नावे त्या पानांत येतात त्या गावांतून आज बोईसरच्या कारखान्यांत कामगार येतात, आणि तेव्हाच्या शोषकांची व शोषितांची नातवंडे एकाच डब्यातून प्रवास करीत असतील.

म्हणून या पुस्तकाला कोणी सरसकट प्रचारकी म्हटले, तर त्याने दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे: कोणत्या प्रसंगावरून हे मत बनले, आणि त्या इतिहासात आपले घराणे कोणत्या बाजूला होते. लेखिकेने आपली कम्युनिस्ट निष्ठा लपवलेली नाही. टीकाकारानेही आपले स्थान लपवू नये, एवढीच अपेक्षा आहे. स्तुती करणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो, कारण पुरस्कार आणि लेखिकेचे मोठेपण यांच्या आधारे पुस्तक न वाचताच गौरवणे हाही त्या पुस्तकावर अन्यायच आहे. लग्नगड्यांची दैना वर्णन करणारी पाने वाचताना थांबावे लागते, हा अनुभव ज्याला आलेला नाही त्याची स्तुती पोकळ ठरते.

ऑडिओबुकाच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवणे योग्य. निवेदक वाक्याला सूर देतो, तेव्हा करुणा किंवा संताप यांपैकी काय लेखकाचे आणि काय आवाजाचे, हे ऐकणाऱ्याला सहज ओळखू येत नाही, आणि बोलीतले संवाद प्रमाण उच्चारात वाचले गेले तर माणसेच परकी वाटू लागतात. निवेदन आवडले आणि पुस्तक आवडले, ही दोन वेगळी मते आहेत.

डहाणू-तलासरीच्या इतिहासावर मत मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक निदान एकदा सबंध वाचावे किंवा सबंध ऐकावे, त्यातली दोन-चार पाने वारली पाड्यावरच्या वृद्धांना मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि त्यांनी जे खोडून काढले किंवा जोडले ते आपल्या मतात त्यांच्या संमतीने नोंदवावे.